जुन्या गाडीची परीक्षा घ्या, पण खरी घ्या

रावेर-सावद्याकडे केळीला चांगला भाव लागला त्या वर्षी दारात आलेली कॉन्टेसा अजून कुणाच्या तरी वाड्यात ताडपत्रीखाली उभी असते. धुळ्यात फियाट पॅलिओची १.६ जीटीएक्स जिवापाड जपणारे लोक आहेत. अमळनेर, चोपडा, शहादा इकडची तरुण पोरं २००० ते २००३ च्या दरम्यानच्या होंडा सिटी व्हीटेक पुण्या-मुंबईहून शोधून आणतात आणि पगाराचा मोठा हिस्सा तिच्यावर घालतात. फेरारी-पोर्शे आमच्या खान्देशात कुणी पाहिली असेल तर मोबाइलवर. शंभराच्या आसपास अश्वशक्ती, हलकं शरीर, हातात नीट बसणारा गिअर आणि तोरणमाळच्या किंवा कन्नडच्या घाटात चढताना अंगावर येणारा इंजिनाचा आवाज, ही आमची स्पोर्ट्स कार. अशा गाड्या आता विशीच्या पुढे गेल्या आहेत, काही चाळिशीच्या जवळ आल्या आहेत. त्यांचं काय करायचं हा प्रश्न आता हौशी लोकांपुरता राहिलेला नाही.

दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल रस्त्यावर नको, असा हरित लवादाचा आदेश आला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि लोकांचा ओरडा झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. कोर्टातला वाद त्यानंतरही चालू राहिला. खान्देश दिल्लीपासून लांब आहे, पण दिल्लीत ठरलेलं आज ना उद्या एमएच-१८, एमएच-१९ आणि एमएच-३९ पर्यंत पोचतं, ही धास्ती प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला आहे. या धास्तीपोटी आपली बाजू मांडताना गाडीवाले जे मागतात, ते मला चुकीचं वाटतं. ते सूट मागतात. जुनी गाडी आहे, थोडी चालते, जाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं असतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. जुन्या गाडीवर ज्याचं खरं प्रेम आहे त्याने सूट मागूच नये. त्याने धुराची कडक, प्रामाणिक, सायलेन्सरमध्ये नळी घालून घेतलेली परीक्षा मागावी आणि त्या परीक्षेत पास झालेल्या गाडीला तिचं वय विचारू नका, असा आग्रह धरावा.

आज जी पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी, होते ती काय मोजते, हे बऱ्याच मालकांना माहीत नसतं. पेट्रोल गाडी उभी असताना, आयडलिंगवर, सायलेन्सरच्या तोंडातून दोन गोष्टी मोजल्या जातात: कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि न जळलेलं हायड्रोकार्बन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. मर्यादा गाडीच्या पिढीप्रमाणे, म्हणजे ती बीएसच्या (भारत स्टेज, धुराच्या सरकारी मानकाच्या) कुठल्या टप्प्यातली आहे त्यावर ठरलेल्या आहेत. बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ पासून पुढे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, शिवाय इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर धरून हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर आहे का, तेही पाहायचं. जुन्या टू-स्ट्रोक दुचाकीला तर ४.५ टक्के आणि ९००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. आमच्याकडच्या कॉलेजच्या पोरांची लाडकी आरएक्स-१०० यात येते. म्हणजे कायद्याने आधीच वय लक्षात घेतलेलं आहे. कॉन्टेसाकडून कुणी नव्या गाडीइतका स्वच्छ धूर मागत नाही. कॉन्टेसा ज्या काळात कारखान्यातून निघाली त्या काळाचं इंजिन ठणठणीत असेल तर जेवढा धूर सोडेल, साधारण तेवढाच मागितला जातो. एवढं करूनही गाडी नापास होत असेल तर ती जुनी आहे म्हणून नाही, आजारी आहे म्हणून नापास होते.

आजार कोणता, हेही तो कागद सांगतो. वाचता आला पाहिजे एवढंच. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पितंय: हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा फ्लोट वर चढलाय, चोक पूर्ण उघडत नाही, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) झिजलाय, एअर फिल्टर कपाशीच्या धुळीने बुजलाय, नाहीतर इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय. हायड्रोकार्बन जास्त आणि मोनॉक्साइड ठीक, म्हणजे पेट्रोल जातंय पण पेटत नाहीये: प्लग, प्लगच्या वायरी, टायमिंग, नाहीतर एखाद्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन. दोन्ही वाढलेले असतील तर आधी मिश्रण नीट करा, मग पुढचं बघा. गाडी ॲव्हरेज देत नाही, पिकअप नाही, सकाळी स्टार्टिंगला त्रास देते, या तक्रारी घेऊन मालक एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये हिंडतो. त्याच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात पडलेल्या पीयूसीच्या कागदावर खरे आकडे असते, तर निम्मं निदान तिथेच झालं असतं.

एक उदाहरण तपशिलात सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. अमळनेरच्या एका तरुण वकिलाने मुंबई पासिंगची व्हीटेक घेतली. मुंबईत बीएस-२ देशाच्या आधी, २००१ मध्येच लागू झालं होतं. बाकी देशाला त्यासाठी २००५ उजाडलं. त्यामुळे ही गाडी कागदोपत्री बीएस-२, म्हणजे मर्यादा अर्ध्या टक्क्याची. गाडी चकाचक, आवाज गोड, पण पेट्रोल फार पिते आणि नीट मोजलं तर मोनॉक्साइड १.९ टक्के. आधीच्या मिस्त्रींनी इंजेक्टर धुतले, प्लग बदलले, कुणी सेन्सर बदलायला सांगितला, कुणी तर 'कॅटॅलिस्ट गेलाय, काढून टाका, मोकळा पाइप टाकतो, पिकअपपण वाढेल' असं सुचवलं. कॅटॅलिस्ट म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा ठोकळा. शेवटी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आली. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि वरच्या रेडिएटर पाइपावर हात ठेवून उभे राहिले. इंजिन चालू केल्या केल्या पाइप हळूहळू कोमट व्हायला लागला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) असता तर पाइप आधी थंड राहिला असता आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम झाला असता. मिस्त्रींनी हाउसिंग खोललं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. कुणीतरी कधीतरी 'इथं ऊन फार, गाडी तापते' म्हणून तो काढून टाकला होता.

खान्देशात हे सर्रास होतं. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गाडीचा काटा वर सरकतो, आणि पहिला बळी थर्मोस्टॅटचा जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातलेलं असतं, क्षार साचून नळ्या बुजलेल्या असतात. थर्मोस्टॅट काढला की काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण ऐंशीच्या आसपास अंशांवर चालायला बनवलेलं इंजिन हायवेला साठ-पासष्ट अंशांवरच फिरत राहतं. इंजेक्शनच्या गाडीतला कॉम्प्युटर समजतो की इंजिन अजून गरमच झालेलं नाही, आणि थंड इंजिनाला देतात तसं जास्तीचं पेट्रोल देत राहतो. ते पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, रिंगा झिजतात, ऑइल पातळ होतं, आणि रोज जादा पेट्रोल जाळून जाळून कॅटॅलिस्टचीही वाट लागते. मिस्त्रींनी रेडिएटर साफ करून घेतला, नवा थर्मोस्टॅट बसवला, पाण्याऐवजी कूलंट भरलं, ऑक्सिजन सेन्सर बदलला. त्या वकिलाला ते अहिराणीत म्हणाले, ''आठे ऊन शे म्हनीसन इंजिन थंडं ठेवानं नही ऱ्हास, भाऊ. त्यालेबी त्यानी गरमी लागस.'' म्हणजे, इथे ऊन आहे म्हणून इंजिन थंड ठेवायचं नसतं, त्यालाही त्याची गरमी लागते. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा ०.३ वर आला होता. कॅटॅलिस्ट तोच होता, जो काढून टाकायचा सल्ला मिळाला होता.

आता याच गाडीच्या आधीच्या पीयूसीचा कागद मी पाहिलेला आहे. त्यावर मोनॉक्साइड ०.२१ होतं. गाडी त्या केंद्रावर गेली, नंबरप्लेटचा फोटो निघाला, सव्वाशे रुपये दिले गेले आणि कागद हातात आला. नळी सायलेन्सरमध्ये गेलीच नाही. ते केंद्र कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण हे एका केंद्राचं दुखणं नाही. दिल्लीच्या हवेबद्दलचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला, त्यात मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन नोंदलं गेलं असूनही एक लाखाहून जास्त गाड्यांना प्रमाणपत्र दिलं गेल्याचं नमूद आहे. राजधानीत ही गत असेल तर तालुक्याच्या गावी पंपाशेजारच्या टपरीत काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

या खोट्या कागदाने हवेचं नुकसान होतं हे उघड आहे. त्याइतकंच, आणि माझ्या मते त्याहून आधी, नुकसान गाडीचं आणि गाडीवाल्याचं होतं. त्या वकिलाला पहिल्याच वेळी १.९ हा खरा आकडा मिळाला असता तर गाडी तेव्हाच मिस्त्रीकडे गेली असती. ०.२१ चा कागद हातात असल्यामुळे इंजिन निरोगी आहे असं समजून तो वर्षभर तिला हाणत राहिला. आपल्याकडे कापूस विकायला नेला तर व्यापारी ढिगात हात घालतो, ओलावा मोजतो आणि मगच भाव बोलतो. न मोजता भाव बोलणाऱ्याला आपण व्यापारी म्हणणार नाही. पीयूसीच्या बाबतीत मात्र न मोजता आकडा लिहून देणाऱ्याकडेच आपण मुद्दाम जातो, कारण तिथे वेळ लागत नाही.

दुसरा प्रकार खोट्या कागदापेक्षा हुशारीचा आहे. मोजणी खरी होते, पण गाडीला त्या दिवसापुरतं सजवलेलं असतं. कार्बोरेटरचा आयडल मिक्श्चर स्क्रू पीयूसीला जाण्याआधी कसायचा आणि आल्यावर पुन्हा सोडायचा, ही युक्ती प्रत्येक गॅरेजला ठाऊक आहे. तो स्क्रू फक्त आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. गाडी चालताना पेट्रोल येतं ते मेन जेटमधून, आणि ते आपल्या परीक्षेत दिसतच नाही. सायलेन्सरच्या जोडाला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडे खोटेच चांगले येतात. काही जण ते भोक मुद्दाम ठेवतात. ही माणसं जुन्या गाड्यांची शत्रू आहेत, मग ती गाडीवर कितीही जीव लावत असोत. उद्या एखादा अधिकारी 'जुन्या गाड्या परीक्षेत फसवतात, सरसकट बंदच करा' म्हणाला, तर त्याला उत्तर देताना आपली जीभ अडखळणार ती यांच्यामुळे.

कॅटॅलिस्ट पोकळ करणाऱ्यांबद्दल तर मला चीड आहे. फ्री-फ्लो सायलेन्सर टाकायचा, आतला जाळीदार ठोकळा फोडून काढायचा, त्यातलं प्लॅटिनम-पॅलेडियम-ऱ्होडियम भंगारवाल्याला विकायचं आणि जळगावच्या आकाशवाणी चौकातून फटफट आवाज करत जायचं, याला काही लोक स्पोर्ट्स कारची हौस म्हणतात. मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळून निरुपद्रवी करण्याचं काम तो ठोकळा करतो. तीनशेच्या आसपास अंश तापल्यावर तो कामाला लागतो आणि नीट ट्यून असलेल्या गाडीत लाखभर किलोमीटर मुकाट्याने काम करतो. साध्या रस्त्यावरच्या गाडीत तो काढल्याने मिळणारी ताकद जाणवण्याइतकीही नसते. जाणवतो तो आवाज. गाडी बनवणाऱ्या अभियंत्याने दिलेली एक चांगली गोष्ट फोडून फेकायची आणि वर त्याच गाडीवर प्रेम आहे म्हणायचं, हे मला पटत नाही.

तीनशे अंशांचा हा मुद्दा परीक्षेला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या केंद्रावर थंड गाडी नेली तर निरोगी गाडीही नापास होऊ शकते. आधी हायवेला पंधरा-वीस किलोमीटर नीट पळवा, इंजिन, ऑइल आणि कॅटॅलिस्ट तापू द्या, मग रांगेत फार वेळ बंद न ठेवता मोजा. ही फसवणूक नाही. इंजिन गरम असतानाच मोजायचं, नळी निदान तीस सेंटिमीटर आत गेली पाहिजे, चोक लावलेला नसावा, हे नियमातच आहे.

पेट्रोलचाही विषय आहे. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, ते चांगलंच झालं. कॅटॅलिस्ट टिकतात ते त्यामुळेच. इथेनॉलचं मिश्रण आता २० टक्क्यांवर आहे. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, आणि कॉन्टेसाच्या काळात तर असा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं, आणि पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर हवेतलं पाणी शोषून खाली बसतं. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होते, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि जेट मात्र जुन्याच मापाचा असतो. याचा एक गंमतशीर वाटणारा पण धोक्याचा परिणाम असा, की पीयूसीचा मोनॉक्साइडचा आकडा आपोआप सुधारतो आणि मालक निर्धास्त होतो. तिकडे पातळ मिश्रणावर घाटात चढताना इंजिन जास्त तापत असतं, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढत असतात, जे आपली पीयूसी मोजतच नाही. उपाय मिस्त्रीला माहीत असतो: जेट एक माप मोठा, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, टाकी एकदा उतरवून साफ. पण तो उपाय बरोबर लागू झाला की नाही हे कळायला पुन्हा खरी मोजणीच लागते. मे महिन्यातली तापलेली हवा पातळ असते, कार्बोरेटर तिच्यात जास्त पेट्रोल मिसळतो. डिसेंबरात हेच उलटं. त्यामुळे आमच्याकडची कार्बोरेटरची गाडी वर्षातून एकदा ट्यून करून भागत नाही, उन्हाळ्याआधी आणि थंडीआधी असं दोनदा बघावं लागतं. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांनी आहेच. ती खरी झाली तर हे काम आपसूक होईल.

सरकारचं धोरण कागदावर माझ्याच बाजूचं आहे. २०२१ मध्ये आलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात खासगी गाडीसाठी वय हा शेवट मानलेला नाही. गाडी तंदुरुस्त नसेल तर मोडीत, असं ते म्हणतं. व्यवहारात मात्र सगळा जोर फीवर आलाय. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीला पूर्वी ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. बाहेरून आणलेली मोटार असेल तर ८०,०००. फी भरणारा भरतो. पण दहा हजार भरलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात एक पीपीएमचाही फरक पडत नाही. रिंगा गेलेली, निळा धूर सोडणारी गाडी ऐपतदाराच्या घरची असेल तर ती चालत राहते. चोपड्याच्या एखाद्या मास्तरांची पदरमोड करून व्यवस्थित राखलेली झेन फीच्या भीतीने भंगारात जाते. हे पैसे घ्यायचेच असतील तर त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी रोलरवर गाडी चालवून, भार देऊन मोजणारं एक यंत्र बसवा आणि वीस वर्षांवरच्या प्रत्येक मोटारीला तिथे आणा. चालत्या भारावर मोजलं की स्क्रू कसून कुणाला सुटता येणार नाही.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची सोय २०२१ च्या जुलैत झाली. मूळ इंजिन, चेसिस, बॉडी जशीच्या तशी असेल तर व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला बंदी, प्रदर्शन-रॅली आणि देखभालीपुरती रस्त्यावर. नियम चांगला आहे. पण कॉन्टेसा १९८४ च्या सुमारास बाजारात आली, म्हणजे पहिली कॉन्टेसा या दारातून आत जाणार २०३४ मध्ये. व्हीटेकला २०५० उजाडेल. तोवर वीस आणि पन्नासच्या मधल्या गाड्यांनी जगायचं कसं? जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या गाडीला तज्ज्ञाने तपासून, मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत असेल तरच, ऐतिहासिक गाडीचा नंबर मिळतो. ब्रिटनने २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतूनच मोकळं केलं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही. मला यातला जर्मन मार्ग पसंत आहे, कारण त्यात गाडीची स्थिती बघतात. ब्रिटन-कॅलिफोर्नियाची सूट आपल्याकडे आणली तर ताडपत्रीखालच्या प्रत्येक धूर ओकणाऱ्या सांगाड्याला मोकळं रान मिळेल. तीस वर्षांची मधली श्रेणी करा, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, दर सहा महिन्यांनी खरी मोजणी ठेवा. आम्ही गाडीवाले त्याला तयार असलो पाहिजे.

याला विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९९१ मध्ये देशात पेट्रोल मोटारींना पहिल्यांदा उत्सर्जनाची मर्यादा आली, तेव्हा किलोमीटरमागे १४.३ ते २७.१ ग्रॅम मोनॉक्साइड चालत होता. २००० च्या मानकात तो २.७२ वर आला, आणि आज बीएस-६ मध्ये १ ग्रॅम आहे. म्हणजे ठणठणीत जुनी कॉन्टेसासुद्धा नव्या गाडीच्या कितीतरी पट विष सोडते. हे खरं आहे. यावर 'मग हायवेवरच्या ट्रककडे बघा, वीटभट्ट्या बघा, दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी बघा' असं उत्तर आमचे मित्र देतात. ते उत्तर मी देणार नाही. दुसऱ्याचा धूर दाखवून आपला कमी होत नाही. माझं उत्तर एवढंच, की अशी गाडी रोज ऑफिसला नेण्यासाठी ठेवूच नये. महिन्यातून एक-दोन रविवारी शिरपूरच्या पुढे पळासनेरपर्यंत जाऊन आली, तर तिचा वर्षाचा एकूण भार रोज शहरात अडकणाऱ्या गाडीच्या मानाने मर्यादित राहतो. त्यासाठीच किलोमीटरची मर्यादा मागतोय. आणि २००० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित पुष्कळ वेगळं आहे: कॅटॅलिस्ट जिवंत असलेली व्हीटेक आणि तो मेलेली व्हीटेक यांच्यातला फरक, व्हीटेक आणि नवी गाडी यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असतो. तिथे वय बघणारा नियम हमखास चुकीची गाडी पकडतो.

शिवाय चालती गाडी मोडून नवी घ्यायची म्हणजे पोलाद, ॲल्युमिनियम, काच, रबर पुन्हा बनवायचं. त्याचा कार्बन काही टनांत जातो. वर्षाला हजारभर किलोमीटर फिरणारी गाडी त्यासाठी मोडणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हात ठेवून पाइपाची गरमी ओळखणाऱ्या त्या मिस्त्रींची. त्यांच्या गॅरेजमध्ये आता पोरं शिकायला येत नाहीत. जी येतात ती स्कॅनर लावून कोड वाचतात, आणि कार्बोरेटर उघडायला घाबरतात. स्कॅनर वाईट नाही, पण थर्मोस्टॅटच नाही हे सांगणारा कोड अनेक जुन्या गाड्यांत येत नाही. फ्लोटची उंची, पॉइंटचं अंतर, व्हॅक्यूमची शिट्टी कुठून येतेय ते कानाने ओळखणं, वेग सोडल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्हचं सील आणि रेस दिल्यावर आला तर रिंगा, हे ज्ञान कुठल्याही वर्गात पूर्ण शिकवलं जात नाही. धुळे-जळगावच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांपुढे चार वायूंचं मोजणी यंत्र आणि एक चालती कार्बोरेटरची गाडी ठेवली, त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना आठवड्यातून एक दिवस मानधनावर बोलावलं, तर खर्च फार नाही. आकडा आणि हात या दोन्हींची सांगड घालणारा मिस्त्री तयार झाला, तर त्याला काम कमी पडणार नाही. शेतकऱ्याच्या जुन्या जीपपासून वकिलाच्या व्हीटेकपर्यंत सगळ्यांना तो लागणार आहे.

तोवर निदान एवढं तरी करता येईल. परिवहन विभागाने बीएस-४ च्या आधीच्या मोटारींचीही मोजणी आयडलिंगसोबत अडीच हजार फेऱ्यांवर सक्तीची करावी आणि दोन्ही आकडे कागदावर छापावेत. नंबरप्लेटच्या फोटोबरोबर नळी सायलेन्सरच्या आत गेलेली दिसेल असा फोटो घेतल्याशिवाय प्रमाणपत्र निघूच नये. नापास गाडीला दंड न करता दुरुस्तीसाठी पंधरा दिवस द्यावेत आणि त्याच फीत पुन्हा मोजावं, म्हणजे मालक खोट्या कागदाकडे वळणार नाही. आणि गाडीवाल्यांनी आपल्या गावातल्या केंद्रावर जाऊन, आपल्या डोळ्यांसमोर नळी आत घालायला सांगावी. 'साहेब, राहू द्या, असाच देतो कागद' असं तो म्हणेल. तेव्हा इंजिन चालूच ठेवून थांबावं, आकडा स्थिर होईपर्यंत.